पाऊण तासाचं उड्डाण, अर्ध्या दिवसाची तयारी: नाशिकहून मुंबईला छोटं विमान नेताना काय काय ठरवावं लागतं?

२४ सप्टेंबर १९७२. लंडनहून टोकियोकडे निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे विमान वाटेत मुंबईला उतरणार होतं. वैमानिकांना समोर धावपट्टी दिसली आणि त्यांनी विमान उतरवलं. मग लक्षात आलं, की ही सांताक्रूझची धावपट्टी नाहीच. ही तर जुहूची!

जुहूची धावपट्टी जेमतेम ११०० मीटरची. इतकं मोठं जेट तिथं थांबणं शक्यच नव्हतं. विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही, पण ते विमान कायमचं निकामी झालं.

गंमत म्हणजे हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. जुलै १९५३ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचं कॉमेट जेटही असंच सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. ते कसंबसं थांबलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेण्यात आलं.

जुहू आणि सांताक्रूझ या दोन विमानतळांमध्ये अंतर आहे अवघं दोनेक किलोमीटरचं. दोन्हीकडे एकेक धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम. दोन्ही वेळा वैमानिकांना दिसलेली धावपट्टी खरीच होती. ती कोणती, एवढंच चुकलं.

म्हणूनच गर्दीच्या विमानतळाकडे डोळ्यांच्या भरवशावर जायचं असेल, तर काय दिसणार आहे हे निघण्याआधीच ठरवून ठेवावं लागतं. ही तयारी नेमकी कशी होते? नाशिकचं ओझर ते मुंबई हा मार्ग घेऊन समजून घेऊया.

व्हीएफआर म्हणजे काय?

विमान उडवण्याचे नियम दोन प्रकारचे असतात. आयएफआर म्हणजे उपकरणांच्या आधारे उड्डाण. तुम्ही तिकीट काढून बसता ती बहुतेक सगळी विमानं याच नियमांवर चालतात. ढगात बाहेरचं काही दिसलं नाही तरी त्यांचं अडत नाही.

दुसरा प्रकार व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उड्डाण. इथे वैमानिक डोंगर, नदी, रेल्वे, धरण ओळखत पुढे जातो. समोरचं विमान स्वतः पाहतो आणि त्याच्यापासून लांब राहतो. फ्लाइंग स्कूलची विमानं, छोटी खासगी विमानं आणि बरीचशी हेलिकॉप्टर्स असंच उडतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेही असंच. त्यांच्या छोट्या पुस मॉथ विमानाला वाट दाखवायला खालची जमीन होती आणि वरचं ऊन. आज मात्र फरक पडला आहे. त्या वेळी जुहूच्या आभाळात गर्दी नव्हती.

बाहेर बघून उडायचं, तर बाहेरचं दिसायला हवं. त्यामुळे नियमांची सुरुवात तिथूनच होते. दहा हजार फुटांखाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. ढगांपासून आडवं अंतर १५०० मीटर आणि उभं अंतर ३०० मीटर ठेवावं लागतं. नियंत्रित विमानतळावर उतरायचं किंवा तिथून उडायचं असेल, तर ढगांचा तळ किमान १५०० फुटांवर हवा. आणि साधारणपणे हे उड्डाण दिवसाउजेडीच करायचं.

मुंबईत उतरायचं कुठे?

मुंबई म्हटलं की आधी छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आठवतो. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही दिवसाला ९०० हून अधिक विमानांची ये-जा होते. गर्दी इतकी वाढली, की २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांतली विमानांची संख्या ताशी ४६ वरून ४४ वर आणली आणि खासगी विमानांच्या वेळांवरही बंधनं घातली.

आता अशा ठिकाणी ताशी दोनशे किलोमीटरने येणारं चार आसनी विमान मध्ये घुसवायचं म्हणजे काय, याचा विचार करा. मागून येणारं मोठं जेट उतरतानाही त्याच्यापेक्षा कितीतरी वेगात असतं. एका छोट्या विमानासाठी मागच्या दोन-तीन विमानांना घिरट्या घालाव्या लागू शकतात. त्यामुळे परवानगी मिळेलच असं गृहीत धरता येत नाही.

म्हणून छोट्या विमानांच्या आणि हेलिकॉप्टर्सच्या बाबतीत नाव येतं जुहूचं. १९२८ मध्ये सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. आज इथे मुख्यतः हेलिकॉप्टर्सची वर्दळ असते. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना नेणारी हेलिकॉप्टर्स इथूनच उडतात. जुहूचा कारभार बाहेर बघून उडण्याच्या नियमांवर चालतो.

पण जुहूला जायचं म्हणजे मुंबई विमानतळाची कटकट टळली, असं मात्र नाही. मोठ्या विमानतळाला खेटून असल्यामुळे जुहूकडे येणारं प्रत्येक विमान मुंबईच्याच नियंत्रित आकाशातून जातं. मोठ्या धावपट्टीवरून समुद्राच्या दिशेने उडालेलं जेट जुहूच्या शेजारूनच वर चढत असतं.

सरळ रेघ मारली तर काय लागतं?

ओझर ते जुहू सरळ अंतर आहे साधारण ८६ नॉटिकल मैल, म्हणजे १६० किलोमीटर. दिशा जवळपास नेमकी नैर्ऋत्य. फ्लाइंग स्कूलमध्ये सर्रास दिसणारं सेसना १७२ हे विमान ताशी ११० नॉट वेगाने गेलं, तर ४७ मिनिटं लागतात. रस्त्याने कसारा घाटातल्या ट्रकांमागे अडकून चार तास घालवलेल्या माणसाला हे स्वप्नवत वाटेल.

पण नकाशावर रेघ मारली की अडचणी दिसायला लागतात.

पहिली अडचण ओझरमध्येच. हा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे एचएएलचा. १९६० च्या दशकात मिग विमानं बनवण्यासाठी इथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे तयार झालेलं पहिलं तेजस एमके-१ए लढाऊ विमान आकाशात झेपावलं. प्रवासी विमानंही याच धावपट्टीवरून जातात. त्यामुळे इथून उडायला आधी परवानगी घ्यावी लागते आणि आजूबाजूला लढाऊ विमानाची चाचणी सुरू असू शकते.

दुसरी अडचण काही मिनिटांतच येते. नाशिक शहराजवळ गांधीनगरला लष्कराच्या हवाई दलाचं, म्हणजे आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे हेलिकॉप्टर्सचा सतत सराव चालतो. त्याच बाजूला देवळाली. तोफखान्याच्या प्रशिक्षणासाठी देवळाली देशभर ओळखली जाते आणि तोफेचा गोळा आकाशातून जातो, हे विसरून चालत नाही. गोळीबाराच्या वेळी तिथलं आकाश ठराविक उंचीपर्यंत बंद असतं.

हे बंद-चालू कळतं नोटॅममधून. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना. कुठे गोळीबार आहे, कोणती धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे, कुठे नवी क्रेन उभी राहिली आहे, एखाद्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तीच्या दौऱ्यामुळे कुठलं आकाश बंद आहे, हे सगळं त्यात असतं. कालचा नोटॅम आज चालत नाही. निघण्याआधी पुन्हा बघावा लागतो.

तिसरी अडचण मुंबईत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरावरून उडायला मनाई आहे. मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या दखम्यांवरूनही उडता येत नाही. वाट थोडी चुकली आणि 'जरा दक्षिणेकडून वळून येतो' म्हटलं, तर थेट बंदी असलेल्या भागात शिरण्याची भीती असते.

म्हणून सरळ रेघ सोडून वैमानिक छोटे-छोटे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला खालची एक ठळक खूण ठरवतो. या मार्गावर अशा खुणा भरपूर आहेत. अप्पर वैतरणाचा जलाशय, मुंबई-आग्रा महामार्ग, मध्य रेल्वेचा मार्ग, तानसा आणि भातसा ही धरणं, उल्हास नदी, ठाण्याची खाडी, विहार आणि पवई तलाव. प्रत्येक खुणेसमोर अपेक्षित वेळ लिहिलेली असते. एखादी खूण वेळेवर दिसली नाही, की कुठेतरी गडबड आहे हे पाच मिनिटांत कळतं. अर्ध्या तासाने कळून उपयोग नसतो.

साडेसहा हजार फूट हा आकडा कुठून आला?

ओझरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंचीवर आहे. पुढे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी ४२०० फुटांच्या आसपास. मार्ग थोडा डावीकडे सरकला, तर राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट.

आता साधं गणित. सगळ्यात उंच शिखर ५४००. वर हजार फुटांची मोकळी जागा. झाले ६४००.

पण वैमानिक मनाला येईल ती उंची घेत नाही. ३००० फुटांच्या वर व्हीएफआर विमानांसाठी एक ठरलेली पद्धत आहे. उत्तर ते दक्षिण या पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाणाऱ्यांनी विषम हजारांत ५०० मिळवायचे: ३५००, ५५००, ७५००. पश्चिमेकडच्या अर्ध्यात जाणाऱ्यांनी सम हजारांत ५०० मिळवायचे: ४५००, ६५००, ८५००. यामुळे समोरासमोर येणारी विमानं एका उंचीवर येत नाहीत. नाशिकहून मुंबई पश्चिमेच्या अर्ध्यात येते. म्हणून ६५००. पुढे नियंत्रकाने वेगळी उंची दिली, तर अर्थातच ती पाळायची.

सह्याद्रीच्या बाबतीत हे गणित किती गंभीर आहे, हे जुन्नर तालुक्याला माहीत आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलिटालिया कंपनीचं डीसी-८ विमान मुंबईकडे उतरताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई तेव्हा ८० हून अधिक किलोमीटर दूर होती. विमान वेळेआधीच सुरक्षित उंचीच्या खाली आलं होतं. ते उपकरणांवर चालणारं मोठं जेट होतं. नुसत्या डोळ्यांवर चालणाऱ्या छोट्या विमानाला तर ढगात लपलेला डोंगर दिसतच नाही.

खाली उतरायला कधी सुरुवात करायची, हेही आधीच ठरतं. ६५०० वरून १००० फुटांपर्यंत मिनिटाला ५०० फूट या वेगाने यायला ११ मिनिटं लागतात. तेवढ्यात विमान २० मैल पुढे जातं. म्हणजे उतरायची सुरुवात भिवंडीच्या थोडी आधी, घाट आणि डोंगर मागे पडल्यावर.

नाशिकला ऊन, मुंबईला धुरकं

नाशिककरांना हा अनुभव रस्त्यानेही येतो. सकाळी घरून निघताना आभाळ निळंशार असतं आणि घाट उतरला की सगळं धूसर. हिवाळ्यात मुंबईवर सकाळी धुरक्याचा थर बसतो. वरून खाली बघितलं तर जमीन दिसते, पण समोर तिरकं बघितलं तर धावपट्टी दिसत नाही. उतरताना गरज असते ती समोर दिसण्याचीच.

पावसाळ्यात उलट. मुंबईत एखादी उघडीप असते, पण इगतपुरी आणि त्र्यंबकचे डोंगर ढगात बुडालेले असतात. खालून जावं तर डोंगर आणि वरून जावं तर खालचं काही दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात या मार्गाच्या बऱ्याच योजना इथेच रद्द होतात.

त्यामुळे हवामान तीन ठिकाणचं बघायचं: निघण्याचं, वाटेतल्या घाटाचं आणि उतरण्याचं. विमानतळाच्या सध्याच्या हवामानाच्या अहवालाला मेटार म्हणतात आणि अंदाजाला टॅफ. नवशिके इथे एका गोष्टीत फसतात. या अहवालांमधली वेळ भारतीय नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. अहवालात ०३३० लिहिलं असेल, तर ते आपल्याकडचे सकाळचे नऊ. साडेपाच तास मिळवायला विसरलेला माणूस भलत्याच वेळेचं हवामान बघून निघतो.

दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी, पण १५०० मीटरपेक्षा जास्त असेल, तर 'स्पेशल व्हीएफआर' अशी खास परवानगी मागता येते. पण ती द्यायची की नाही, हे नियंत्रक गर्दी बघून ठरवतो. ती मिळेल या आशेवर घाट ओलांडणं म्हणजे नियोजन नव्हे.

मावळतीचं गणितही यातच येतं. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातनंतर. दुपारी साडेचारला ओझरहून निघून जुहूजवळ अर्धा तास घिरट्या घालाव्या लागल्या, तर डिसेंबरमध्ये उजेड हाताशी उरत नाही.

४७ मिनिटांसाठी पावणेतीन तासांचं इंधन

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे जास्तच वाटतं. पण हिशोब मांडून बघा.

- ओझर ते जुहू: ४७ मिनिटं
- जमिनीवर चालणं आणि चढाईसाठी जादा: १० मिनिटं
- मुंबईजवळ थांबवून ठेवलं तर: ३० मिनिटं
- उतरता आलं नाही तर ओझरला परत: ४७ मिनिटं
- हात न लावण्याचा राखीव साठा: ३० मिनिटं

एकूण १६४ मिनिटं. सेसना १७२ ताशी साधारण ३५ लिटर इंधन जाळतं असं धरलं, तर सुमारे ९६ लिटर लागतात. शेवटची ३० मिनिटं दिवसाच्या व्हीएफआर उड्डाणासाठी किमान राखीव म्हणून धरली जातात. त्याला हात लावायची वेळ येणं म्हणजेच आणीबाणी.

यात वारा धरलेला नाही. नैर्ऋत्येकडून २० नॉटचा वारा समोर आला, तर वेग ९० वर येतो आणि ४७ ची ५७ मिनिटं होतात. येताना वारा मागून असला तरी जातानाचं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. म्हणून वाऱ्याचा हिशोब नेहमी वाईट बाजूने करायचा.

इंधन वाढवलं की वजन वाढतं, हेही आहेच. चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि पूर्ण भरलेली टाकी हे तिन्ही एकदम बसत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या विरळ हवेत विमानाला धावायला जास्त अंतर लागतं आणि चढाई मंदावते. द्राक्षाच्या चार पेट्या मुंबईच्या पाहुण्यांसाठी सोबत घ्यायच्या की नाहीत, हा प्रश्नही मग वजनकाट्यावरच सुटतो.

कागदावरचं उड्डाण

आता हे सगळं सरकारी यंत्रणेला कळवायचं. फ्लाइट प्लॅन निघण्याच्या किमान एक तास आधी द्यावा लागतो. विमान कोणतं, नियम कोणते, मार्ग, वेग, उंची, आत किती माणसं, इंधन किती तास पुरेल आणि पर्यायी विमानतळ कोणता, हे सगळं त्यात असतं.

भारतात याशिवाय दोन क्रमांक फार महत्त्वाचे. एक एफआयसी क्रमांक, उड्डाण माहिती केंद्राकडून मिळणारा. दुसरा एडीसी, म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्स. मुंबईभोवतीचं आकाश हवाई संरक्षणाच्या ओळख क्षेत्रात येतं. रडारवर दिसणारा ठिपका आपल्या माणसाचा आहे, हे हवाई दलाला आधी माहीत असायला हवं. निघायला फार उशीर झाला तर हा क्रमांक पुन्हा घ्यावा लागतो.

फ्लाइट प्लॅनचा आणखी एक उपयोग असतो आणि तो कधीच कामी येऊ नये अशीच इच्छा असते. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांत विमान पोहोचलं नाही आणि संपर्कही झाला नाही, तर शोधयंत्रणेची पहिली पायरी सुरू होते. शोध कुठे घ्यायचा, हे त्या कागदावरच्या मार्गावरून ठरतं. घाटात पडलेलं छोटं विमान जंगलात सहज दिसत नाही. म्हणून ठरलेला मार्ग बदलला, तर रेडिओवर कळवायचं.

'एटीसी बघून घेईल' हा सगळ्यात महागडा गैरसमज

मुंबईच्या नियंत्रित क्षेत्रात शिरण्याआधी एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. परवानगी नाही तर आत नाही. रेडिओवर गर्दी असेल आणि उत्तर मिळालं नाही, तर बाहेरच थांबायचं. त्यासाठी हद्दीबाहेर घिरट्या घालायची एक जागा नकाशावर आधीच निवडून ठेवायची.

पण परवानगी मिळाली म्हणजे नियंत्रक आता प्रत्येक विमानापासून वाचवेल, असं अनेकांना वाटतं. इथेच गोची आहे. आकाशाचे वर्ग पाडलेले असतात. भारतात विमानतळांभोवतीचं नियंत्रित आकाश सामान्यतः 'डी' वर्गात येतं. या वर्गात नियंत्रक आयएफआर विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो. व्हीएफआर विमानाला मात्र तो माहिती देतो: अमुक दिशेला, इतक्या मैलांवर, अमुक विमान आहे. ते शोधणं, दिसलं की सांगणं आणि त्याच्यापासून लांब राहणं, हे वैमानिकाचं काम.

म्हणजे सगळ्यात गर्दीच्या जागी वैमानिकाचे डोळे सगळ्यात जास्त मोकळे हवेत. तेव्हाच तो खाली मान घालून नकाशा उलगडत असेल, फ्रीक्वेन्सी शोधत असेल, इंधनाचा हिशोब करत असेल, तर बाहेर कोण बघणार? ओझरला टेबलावर बसून केलेली दोन तासांची तयारी ही खरं तर मुंबईवरच्या त्या दहा मिनिटांसाठी असते.

म्हणून फ्रीक्वेन्सी वापरायच्या क्रमाने लिहून ठेवतात. विमानतळाचा आराखडा गुडघ्यावरच्या पाटीला लावलेला असतो. पहिला संदेश काय बोलायचा, हे आधी म्हणून बघतात: आपण कोण, कुठे आहोत, किती उंचीवर आणि काय हवंय. चार गोष्टी, एका दमात. नियंत्रकाने दिलेली धावपट्टी, उंची, हवेच्या दाबाचा आकडा आणि ट्रान्सपॉन्डरचा चार अंकी कोड जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा लागतो. समजलं नसेल, तर 'पुन्हा सांगा' म्हणायला लाजायचं नाही. न समजता 'हो' म्हणणं जास्त धोक्याचं.

शेवटची पाच मिनिटं

जपानच्या त्या विमानाची आठवण इथे होते. धावपट्टी दिसली की मनाला हायसं वाटतं आणि तपासणी थांबते. तसं होऊ नये म्हणून तीन गोष्टी जुळवून बघायच्या. धावपट्टीवर रंगवलेला क्रमांक आणि होकायंत्राची दिशा. आजूबाजूच्या खुणा ठरवल्याप्रमाणे त्याच बाजूला आहेत का? आणि लांबी-रुंदी अपेक्षेइतकी वाटते का? तिन्हींपैकी एक जरी जुळलं नाही, तरी उतरायचं नाही, विचारायचं.

दुसरा धोका दिसत नाही. मोठं विमान उडताना पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोवरे सोडतं. ते हळूहळू खाली बसतात आणि छोट्या विमानाला उलटं करू शकतात. म्हणून मध्यम किंवा मोठ्या विमानामागे उतरणाऱ्या हलक्या विमानासाठी तीन मिनिटांचं अंतर ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नियंत्रकाने 'पुढचं विमान बघून त्याच्यामागे या' म्हटलं आणि वैमानिकाने होकार दिला, की हे अंतर सांभाळणं त्याच्याकडे येतं.

रेडिओच बंद पडला तर?

ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा कोड लावायचा. रडारवर लगेच कळतं, की या विमानाचा रेडिओ गेला आहे. ७७०० म्हणजे आणीबाणी आणि ७५०० म्हणजे अपहरण. हवामान चांगलं असेल, तर व्हीएफआर विमानाने बाहेर बघत राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं आणि पोहोचल्याचं कळवायचं.

टॉवरमधून तेव्हा दिव्याने बोललं जातं. आकाशातल्या विमानासाठी या खुणा अशा:

- स्थिर हिरवा: उतरायला परवानगी
- स्थिर लाल: दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या घालत राहा
- लुकलुकता हिरवा: उतरण्यासाठी परत या
- लुकलुकता लाल: विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका
- लुकलुकता पांढरा: इथेच उतरा आणि पार्किंगकडे या

खूण दिसली, हे दिवसा पंख हलवून कळवायचं. शंभर वर्षांच्या तंत्रज्ञानानंतरही हा दिवा टॉवरमध्ये ठेवलेला असतो, कारण तो नेमक्या वेळी उपयोगी पडतो.

परत फिरायचं कुठून?

नियोजनातली ही शेवटची ओळ, पण बऱ्याच अनुभवी वैमानिकांची पहिली. नाशिक-मुंबई मार्गावर ही जागा साहजिकच घाटाच्या अलीकडे येते. इगतपुरीच्या आधी मुंबईचं ताजं हवामान घ्यायचं. दृश्यमानता ठरवलेल्या आकड्याच्या खाली असेल, पुढचे डोंगर ढगात दिसत असतील किंवा इंधन अपेक्षेपेक्षा कमी उरलं असेल, तर तिथूनच वळायचं. मागे ओझरची लांबलचक धावपट्टी असते आणि आभाळ ओळखीचं.

हा आकडा जमिनीवर लिहून ठेवायचा असतो, कारण हवेत मन वाटाघाटी करतं. 'एवढ्यात उघडेल', 'घाट उतरलो की दिसेल', 'लोक वाट बघतायत'. मुंबईतली मीटिंग, लग्न, पुढची फ्लाइट ही सगळी कारणं तेव्हा खूप मोठी वाटतात.

परत आलेल्या विमानाची बातमी होत नाही. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जावं लागतं, इतकंच.